वारशाची पारख

(पाठपरिचय : पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या काही वस्तू आपल्या घरांत असतात. त्या किती जुन्या आहेत, अस्सल आहेत की नकली, आणि त्यांचे खरे मोल काय, हे जाणकार कसे ठरवतात ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी पेटी आहे का? माळ्यावर, पलंगाखाली किंवा कपाटाच्या मागे? असेल तर घरातील मोठ्या माणसांच्या परवानगीने ती एकदा उघडून पाहा. कदाचित दादीचे पानदान सापडेल. नानीची चांदीची सुरमादाणी सापडेल. टोटीचा तांब्याचा बधना, कापडात गुंडाळलेली दोन-चार काळी पडलेली नाणी किंवा घडीवर फाटलेले पिवळे कागदही सापडतील. शेजारच्या घरात तांब्याचे घंगाळ, पितळी समई, नक्षीचा अडकित्ता अशा वस्तू असतील.

"ही वस्तू कधीची?" असे घरात विचारले, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "फार जुनी आहे!" पण फार जुनी म्हणजे किती? पन्नास वर्षांची की पाचशे वर्षांची? कोणी केली? कोठून आली? या प्रश्नांची उत्तरे सहसा कोणाजवळ नसतात. वस्तू घरात असते. पण तिची हकिकत घरातून निघून गेलेली असते.

ही हकिकत परत शोधण्याचे काम जाणकार करतात. इंग्लंडमध्ये बी.बी.सी. या संस्थेने १९७९ साली दूरचित्रवाणीवर 'अँटिक्स रोडशो' नावाचा एक कार्यक्रम सुरू केला. तो पुढे अनेक वर्षे चालू राहिला आणि जगभर प्रसिद्ध झाला. या कार्यक्रमासाठी एखाद्या गावात तज्ज्ञ मंडळी टेबले मांडून बसतात. गावातील लोक घरातील जुन्या वस्तू घेऊन रांगेत उभे राहतात. कोणी बशी आणतो, कोणी घड्याळ, कोणी आजोबांचे पदक. तज्ज्ञ वस्तू हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात, चार प्रश्न विचारतात आणि शेवटी किंमत सांगतात. कोणाचा चेहरा आनंदाने फुलतो, तर कोणाचा उतरतो.

पाहणाऱ्यांचे लक्ष शेवटच्या आकड्याकडे असते. परंतु तज्ज्ञाचे खरे काम त्याआधीच झालेले असते. ते काम कसे चालते, ते आता आपण समजून घेऊ.

त्यासाठी इंग्लंडला जायला नको. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, या बाबतीत फार श्रीमंत आहे. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले.) मलिक अहमद निजामशाहने १४९० साली येथे स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि त्याच्याच नावावरून शहराला अहमदनगर हे नाव पडले. निजामशाहीचा शेवट १६३६ साली झाला. पुढे येथे मोगलांचा अंमल आला. १७५९ साली येथील किल्ला पेशव्यांच्या ताब्यात गेला आणि १८०३ साली तो इंग्रजांनी घेतला. इतकी राज्ये आली आणि गेली. प्रत्येकाने आपली नाणी पाडली, आपले कागद लिहिले, आपले शिक्के उमटवले. राज्ये गेली, पण त्यांतील काही वस्तू लोकांच्या घरांत तशाच राहिल्या.

समजा, तुमच्या शाळेत असेच एक टेबल मांडले आहे. टेबलामागे एक जाणकार बसले आहेत. त्यांच्याजवळ एक भिंग, एक छोटा तराजू, एक फूटपट्टी आणि एक वही आहे. समोर तुम्ही मुले आपापल्या घरच्या वस्तू घेऊन उभी आहात. आता काय होईल?

पहिला मुलगा एक चांदीचे नाणे पुढे करतो. "सर, हे मी चिंचेने घासून चकचकीत करून आणले आहे," असे तो अभिमानाने सांगतो. जाणकार हळहळतात. का बरे? जुन्या धातूवर वर्षानुवर्षे एक काळसर किंवा हिरवट थर चढतो. तो थर म्हणजे वस्तूच्या वयाची एक खूण असते. घासल्यामुळे ती खूण तर जातेच, शिवाय अक्षरेही झिजतात. म्हणून जुने नाणे कधीही चिंच, राख किंवा लिंबाने घासू नये.

नंतर जाणकार नाणे तराजूत टाकतात. मोगल काळातील रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा असे. वजन फारच कमी किंवा जास्त भरले, तर शंका घ्यावी लागते. मग ते भिंगातून नाण्याची कड पाहतात. जुनी नाणी ठशांवर हातोडा मारून पाडली जात. त्यामुळे ती पूर्ण गोल नसतात आणि त्यांवर मजकुराचा काही भागच उमटलेला असतो. नकली नाणे पुष्कळदा साच्यात रस ओतून केलेले असते. त्याच्या कडेला सांध्याची बारीक रेघ किंवा ती लपवण्यासाठी मारलेल्या कानशीच्या खुणा दिसतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डेही असतात.

यानंतर जाणकार नाणे त्या मुलाच्याच हातात देतात आणि म्हणतात, "आता तूच वाच." मुलगा निरखून पाहतो. अक्षरे त्याच्या ओळखीची असतात! मोगल नाण्यांवर फारसी मजकूर असतो. त्यात 'ज़र्ब' हा शब्द सापडला, की त्याच्या जोडीला टाकसाळीचे नाव शोधायचे. अहमदनगर येथेही मोगलांची टाकसाळ होती. नाण्यावर हिजरी सनाचे आकडे असतात. समजा, सन ११०० आहे. त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. उत्तर येते १६८९. म्हणजे हे नाणे साधारण १६८९ सालचे, औरंगजेबाच्या काळातले. हिशेब एखाद्या वर्षाने मागेपुढे होऊ शकतो. पण काळ नक्की कळतो.

दुसरी मुलगी राणी व्हिक्टोरियाचा रुपया आणते. घरात सर्वांना वाटत असते, की हा रुपया लाखमोलाचा आहे. जाणकार सांगतात, "बेटी, रुपया अस्सल आहे. यावर 'क्वीन' लिहिले असेल, तर तो १८७७ च्या आधीचा आणि 'एम्प्रेस' लिहिले असेल, तर १८७७ किंवा त्यानंतरचा. कारण त्या वर्षी राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला. पण असे रुपये कोट्यवधी पाडले गेले आणि ते घरोघरी सापडतात. म्हणून नेहमीच्या नाण्याची किंमत त्यातील चांदीपेक्षा फार जास्त येत नाही." मुलीचा चेहरा उतरतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वस्तू जुनी असली म्हणजे ती दुर्मीळ असतेच असे नाही. 'जुने ते सोने' ही म्हण चांगली आहे. पण बाजारात ती प्रत्येक वेळी चालत नाही.

तिसरा मुलगा एक मोठे नाणे दाखवतो. त्याच्या एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल आहे. दुसऱ्या बाजूला देवाचे चित्र आहे. कोणीतरी त्याच्या वडिलांना सांगितले आहे, की हे नाणे तांदूळ ओढून घेते आणि परदेशात त्याचे कोटी रुपये येतात. जाणकार गंभीर होतात. "कंपनीने १८१८ साली असे नाणे कधीच पाडले नाही," ते सांगतात. "ही अलीकडे बनवलेली वस्तू आहे. नाणे किंवा भांडे तांदूळ ओढते म्हणून त्यात दैवी शक्ती आहे, असे सांगणारे लोक भोळ्या माणसांना फसवतात. अशा फसवणुकीत काही कुटुंबांनी आपली कमाई गमावली आहे." खऱ्या जाणकाराची ओळख कोणती? तो अंगात येऊन किंमत सांगत नाही. तो कारणे सांगतो. आणि कळत नसेल, तर "मला हे सांगता येत नाही" असे मोकळेपणाने म्हणतो.

चौथी मुलगी संकोचाने मागे उभी आहे. तिच्या हातात फक्त एक तांब्याचा बधना आहे. बुडाशी डाग लावून दुरुस्त केलेला, पोचे आलेला. वर्गातील एकदोघे हसतात. जाणकार मात्र तो बधना उजेडात धरतात आणि त्याच्या गळ्याजवळ बोट ठेवतात. तेथे ठोके मारून बारीक अक्षरांत एक नाव, एक गाव आणि एक साल घातलेले असते. ते उर्दूत आहे. मुलगी वाचते आणि थक्क होते. ते नाव तिच्या पणजीचे असते!

लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत आपल्याकडे सर्व समाजांत आहे. बाजारात या बधन्याला तांब्याच्या भावापेक्षा फारसे जास्त मिळणार नाही. पण आतापर्यंतच्या वस्तूंत हीच एक वस्तू अशी आहे, की ती कोणाची, कोठली आणि कधीची हे ती स्वतः सांगते. जाणकार आपल्या वहीत सर्वांत जास्त ओळी या बधन्याविषयी लिहितात.

किंमत आणि मोल यांत हा फरक आहे. किंमत बाजार ठरवतो. मोल हकिकतीमुळे येते.

पाचवा मुलगा एक कागद आणतो. कागद घडीवर तुटलेला आहे. वरच्या भागात फारसी मजकूर आहे. खालच्या भागात, एकही कान्हा-वेलांटी नीट ओळखू येऊ नये, अशी वळणदार अक्षरे आहेत. ती मोडी लिपी आहे. पूर्वी मराठी भाषा हाताने भराभर लिहिण्यासाठी ही लिपी वापरत. दख्खनच्या सुलतानांच्या काळात असे दुभाषी कागद लिहिले जात. वर फारसीत हुकूम आणि खाली तोच मराठीत. कारण सरकारी कचेरीत फारसी चालत असे आणि गावचे पाटील, कुलकर्णी मराठी जाणत.

आता मोडी मजकुराची तारीख कशी वाचायची? अशा कागदांत साल पुष्कळदा आकड्यांत नसून शब्दांत असते. मराठी कागद, पण शब्द मात्र अरबी! उदाहरणार्थ, 'सुहूर सन खमस सबैन व अलफ'. मराठी माध्यमाच्या मुलाला हे कोडे वाटेल. तुम्हाला वाटते का? खमस म्हणजे पाच. सबैन म्हणजे सत्तर. आणि अलफ म्हणजे? 'अलिफ लैला' आठवा. हजार रात्रींची गोष्ट ती. अलफ म्हणजे हजार. बेरीज करा : पाच, सत्तर आणि हजार. झाले १०७५. सुहूर सनात ५९९ मिळवले, की इसवी सन येतो. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात, कारण हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. पाऊस आणि पेरणीबरोबर नवे वर्ष! १०७५ मध्ये ५९९ मिळवले, की १६७४ येते. त्याच वर्षी ६ जून रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

पाहा, मित्रांनो! कागद मराठी, लिपी मोडी, वर्षाचे शब्द अरबी आणि वरचा हुकूम फारसी. हा कागद एकट्या मराठी माध्यमाच्या मुलाला वाचता येणार नाही आणि एकट्या तुम्हालाही येणार नाही. दोघे शेजारी बसले, तरच तो पूर्ण वाचता येईल. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाच्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. त्यांतील एक तुमच्या दप्तरात आहे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ग. ह. खरे (१९०१–१९८५) यांनी हे ओळखले होते. ते मोडीचे जाणकार होते आणि त्यांनी फारसीचाही कसून अभ्यास केला. जुने फारसी कागद वाचून त्यांनी त्यांचे संग्रह मराठी वाचकांसाठी प्रसिद्ध केले. हे मंडळ १९१० साली स्थापन करणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) होते. राजवाडे गावोगाव फिरले. लोकांच्या घरांतून, वाड्यांतून, माळ्यांवरून त्यांनी जुने कागद मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी त्यांचे खंड काढले. पहिला खंड १८९८ साली निघाला. जे कागद घरांत धूळ खात पडले होते, त्यांतून महाराष्ट्राचा इतिहास लिहिला गेला.

पण जे कागद राजवाड्यांच्या हाती पडण्याआधीच रद्दीत गेले, त्यांचे काय? ते कायमचे गेले. एखाद्या घरातील पिवळा कागद मशिदीच्या, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या इनामाची सनद असू शकतो. एखाद्या विहिरीचे पाणी कोणी कोणाला द्यावे, याचा तो निवाडा असू शकतो. तो रद्दीवाल्याला किलोच्या भावाने दिला, तर घरात दोन-चार रुपये येतात आणि गावाचा पुरावा जातो. भांड्यांचेही तेच. जुने भांडे देऊन त्याच्या वजनाचे पैसे घेणे याला आपण 'मोडीत काढणे' म्हणतो. भट्टीत वितळलेल्या भांड्यावरील नाव पुन्हा कोणालाही वाचता येत नाही.

तज्ज्ञ आणखी एक प्रश्न फार आग्रहाने विचारतात, "ही वस्तू नेमकी कोठे मिळाली?" या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक खरी घटना ऐका.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे एक उजाड ठिकाण आहे. १९७४ साली तेथे जमीन खणताना एका स्थानिक शेतकऱ्याला धातूच्या चार वस्तू सापडल्या. एक रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथाला दोन बैल जोडलेले आहेत आणि रथात एक माणूस उभा आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. प्राण्यांच्या पायांखाली चाके किंवा चाके बसवण्याची सोय आहे. चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक भरले. या वस्तू त्या वेळी कोणी मोडीत काढल्या असत्या, तर तांब्याच्या भावाने थोडे पैसे मिळाले असते. सुदैवाने तसे झाले नाही. त्या पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोहोचल्या आणि साऱ्या जगात दायमाबादचे नाव झाले.

आता तज्ज्ञांपुढे प्रश्न आला : या वस्तू किती जुन्या? दायमाबादला १९५८–५९ साली एकदा उत्खनन झाले होते. वस्तू सापडल्यावर एस. आर. राव यांनी १९७४ साली आणि नंतर एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे पुन्हा उत्खनन केले. तेथे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे थर सापडले. राव आणि साळी यांच्या मते ही शिल्पे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील आहेत. पण शास्त्रज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी वेगळे मत मांडले. त्यांनी धातूची तपासणी पाहिली. त्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक होते आणि त्या काळातील इतर तांब्याच्या वस्तूंत असे आढळत नव्हते. म्हणून ही शिल्पे बरीच नंतरची असावीत, असे त्यांना वाटले.

इतके मोठे तज्ज्ञ आणि तरी एकमत का नाही? याचे कारण समजून घ्या. जमिनीत मातीचे थर एकावर एक साचलेले असतात. खालचा थर जुना, वरचा नवा. तज्ज्ञ स्वतः खणतात, तेव्हा कोणती वस्तू कोणत्या थरात होती, याची नोंद ठेवतात. त्याच थरातील कोळसा, धान्य, मडकी यांवरून वस्तूचे वय काढता येते. दायमाबादची ही शिल्पे मात्र तज्ज्ञांच्या नोंदीशिवाय जमिनीबाहेर आली. वस्तू हाती आल्या. पण त्यांचा पत्ता हरवला. पत्ता हरवला, की वयही हरवते. त्यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नव्हता. पण आपल्याला हे माहीत झाले आहे, म्हणून आता आपली जबाबदारी वाढली आहे.

घरातील वस्तूंनाही हाच नियम लागू आहे. दादीला माहीत असते, की पानदान कोणत्या गावाहून आले, कोणी दिले, कोणत्या साली दिले. पेटीतील वस्तूचा पत्ता दादीजवळ असतो. आपण तो विचारून लिहून ठेवला नाही, तर पुढे कोणताही तज्ज्ञ तो सांगू शकणार नाही.

या बाबतीत कायदाही माहीत असावा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असे १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू आहे. महत्त्वाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे असतील, तर ७५ वर्षांचीही पुरतात. अशा वस्तू कोणालाही देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. शासनाने जाहीर केलेल्या काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणीही करावी लागते. वारशाने आलेली वस्तू घरात जपून ठेवणे हा मात्र गुन्हा नाही. म्हणून घाबरून ती लपवू नका किंवा घाईने विकू नका.

मग काय करावे? कामे सोपी आहेत. वस्तू घासू नका. कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि तो प्लॅस्टिकमध्ये पक्का चिकटवून घेऊ नका. कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवा. वस्तूची लांबी, रुंदी, वजन आणि तिच्यावरील अक्षरे वहीत उतरवा. शक्य असेल तर छायाचित्र काढा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते जे सांगतील, ते त्यांच्या नावासह व तारखेसह लिहा. त्यांचे सांगणे खरे की चुकीचे, हे नंतर ठरवता येईल. आधी ते लिहिले गेले पाहिजे.

मग जाणकारांकडे जा. नगर शहरात १९६० साली स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र आहे. तेथे जुनी नाणी, हस्तलिखिते आणि कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. शाळेबरोबर ते पाहायला जा. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' असे व्हायला नको. मोडी शिकायची असेल, तर महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग मोडी लिपीचे वर्ग चालवतो. मोडी शिकलेला आणि उर्दू-फारसीची अक्षरे जाणणारा विद्यार्थी संशोधकांना हवा असतो.

वस्तू विकायची की ठेवायची, हे घरातील मोठी माणसे ठरवतील. कधी गरज पडते आणि विकावीही लागते. त्यात लाज नाही. पण विकण्याआधी तिची हकिकत वहीत उतरवून घेण्याचे काम तुम्ही करू शकता. आज संध्याकाळी दादीजवळ किंवा नानीजवळ वही-पेन्सिल घेऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा, "हे कोणाचे होते?"

शब्दार्थ

वारसा – पूर्वजांकडून मिळालेली संपत्ती किंवा वस्तू, विरासत
पारख – परीक्षा करून ओळखणे, परख
अस्सल – खरे, मूळचे (उर्दूतील 'असल' पासून)
हकिकत – घडलेली खरी गोष्ट
टाकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना
ठसा – नाण्यावर चित्र किंवा अक्षरे उमटवण्याचे साधन
कानस – धातू घासण्याचे हत्यार
पोचा – भांडे आपटल्यामुळे पडलेला खळगा
सनद – हक्क दिल्याचा सरकारी लेख
निवाडा – न्यायाने दिलेला निर्णय
उत्खनन – जुन्या वस्तीच्या शोधासाठी पद्धतशीर केलेले खोदकाम
पुरावशेष – जुन्या काळातील उरलेली वस्तू

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुने नाणे का घासू नये?
(आ) राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर 'एम्प्रेस' हा शब्द कोणत्या वर्षापासून आला?
(इ) सुहूर सन कोणत्या नक्षत्राच्या सुमारास सुरू होते?
(ई) दायमाबाद कोणत्या नदीच्या काठी आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ठोकून पाडलेले नाणे आणि साच्यात ओतलेले नाणे यांत कोणता फरक दिसतो?
(आ) जाणकारांनी बधन्याविषयी वहीत सर्वांत जास्त ओळी का लिहिल्या?
(इ) दायमाबादच्या शिल्पांच्या वयाबद्दल तज्ज्ञांचे एकमत का झाले नाही?

प्र. ३. हिशेब करा.
(अ) एका नाण्यावर हिजरी सन १००० आहे. ते साधारण कोणत्या इसवी सनातील?
(आ) 'सन सलास सबैन व अलफ' म्हणजे सुहूर सन किती? त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातील कागद कोणत्या इसवी सनातील?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा व म्हणीचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
धूळ खात पडणे, मोडीत काढणे, चेहरा उतरणे, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

प्र. ५. 'किंमत बाजार ठरवतो. मोल हकिकतीमुळे येते.' या विधानाविषयी आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम : आपल्या घरातील एका जुन्या वस्तूची नोंद करा. वस्तूचे नाव, माप, वजन, तिच्यावरील अक्षरे, ती कोणी व कोणाला दिली, आणि ही माहिती तुम्हाला कोणी सांगितली, हे सर्व मराठीत आणि उर्दूत लिहा. शेजारच्या मराठी माध्यमाच्या शाळेतील मित्राबरोबर एकमेकांच्या नोंदी वाचून पाहा.